कंपवाताचे संशोधन आणि पहिला पैसा



वस्तीत एखाद्या आजोबांचा हात थरथरताना दिसला की लोकांचा शेरा ठरलेला असतो, "आयुष्यभर पिली, आता हात कापणारच." आजी असेल तर, "वात आहे, तेल चोळा." आजोबांनी कधी थेंबाला हात लावलेला नसतो आणि सहा महिने तेल चोळूनही आजीचा खांदा सुटलेला नसतो. भीमनगर, मुकुंदवाडी, उस्मानपुरा अशा भागांत आरोग्य तपासणीला जातो तेव्हा आम्हाला ही माणसे भेटतात. त्यांतल्या काहींना कंपवात असतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, म्हणून डॉक्टर लोक त्याला पार्किन्सन म्हणतात.

या पानावर आपण एरवी आजार, लक्षणे, औषध असा क्रम धरतो. या वेळी त्यात पैशाची गोष्ट आहे. गोळ्यांना लागणारा पैसा नव्हे. एखाद्या आजाराबद्दल कोणीतरी पहिल्यांदा एक प्रश्न विचारतो, तो खरा की खोटा हे तपासायला जो पहिला, छोटा पैसा लागतो, तो. त्याला सीड फंडिंग म्हणतात. आपण बीजनिधी म्हणू. हा पैसा कोणाच्या प्रश्नाला मिळाला, यावर पुढे कोणाच्या आजारावर काम होणार हे ठरते, असे आमचे मत आहे. ते का, ते पुढे सांगतो.

आधी आजार ओळखू

मेंदूच्या आत खोल एक लहानसा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन बनवतात. हालचाल सुरू करायची, ती सलग ठेवायची, थांबवायची, या सगळ्याला ते लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. माणसाला पत्ता लागत नाही, कारण उरलेल्या पेशी बरीच वर्षे काम ओढून नेतात. हात थरथरू लागतो तोपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

थरथर साधारण एका बाजूने सुरू होते आणि हात निवांत मांडीवर असताना जास्त दिसते. चहाचा कप उचलल्यावरच हात कापत असेल तर तो बहुतेक वेळा दुसरा आजार असतो. काही रुग्णांना थरथर नसतेच. खरी खूण आहे ती मंदपणाची. पुस्तकात लिहिलेले असते की रुग्णाचे अक्षर बारीक होत जाते. ज्या आजीला कोणी शाळेची पायरी चढू दिली नाही, तिचे अक्षर कुठून बघणार? म्हणून आम्ही वेगळे विचारतो. भाकरी थापताना एक हात मागे पडतो का? शर्टाची बटणे, ब्लाउजचे हूक लावायला आता जास्त वेळ लागतो का? चालताना एक हात अंगाला चिकटून राहतो का? चप्पल घासत चालतात का? आवाज बारीक झाला का? चेहरा असा थिजलेला राहतो का, की शेजारीण विचारते, "काय गं, रागावलीस का?"

याच्याही कितीतरी वर्षे आधी काही गोष्टी सुरू झालेल्या असू शकतात. वास कळेनासा होणे, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्न बघताना ओरडणे आणि लाथा झाडणे. यांतली एखादी असली म्हणून कंपवात आहे असे समजून घाबरू नका. बद्धकोष्ठता निम्म्या वस्तीला असते आणि तिचे कारण पाणी कमी, भाजी कमी हेच असते.

अजून एक गोष्ट, तीही महत्त्वाची. उलटीवरच्या, चक्करवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर कंपवातासारखीच लक्षणे येतात. डॉक्टरांनी त्या गोळ्या बदलल्या किंवा बंद केल्या की ती बरीच ओसरतात. चक्करची गोळी एकदा लिहून दिली आणि मेडिकलवाल्याकडून चार वर्षे आणत राहिलो, असे आपल्याकडे फार घडते. तेव्हा दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत घालून न्या. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका.

कंपवात असेल तर लेव्होडोपाची गोळी कमी पडलेले रसायन भरून काढते. माणूस उठतो, चालतो, आपल्या हाताने जेवतो. पण आतली झीज चालूच राहते. ती थांबवणारे औषध आज जगात कुठेही नाही. म्हणून संशोधकांचे बरेच लक्ष आता आजाराच्या अगदी सुरुवातीकडे, हात थरथरण्याच्या आधीच्या काळाकडे वळले आहे. तिथे पेशी अजून वाचवता येण्यासारख्या असतात.

फिरता निधी आठवा

बचत गट काढणाऱ्या बायांना बीजनिधी समजवावा लागत नाही. गट नवा असतो तेव्हा बँक मोठे कर्ज देत नाही. आधी बायांनी आपसात बचत करायची, वेळेवर फेड करून दाखवायची, वही नीट ठेवायची. मग थोडासा फिरता निधी मिळतो. तो नीट वापरला की मगच बँकेचे मोठे कर्ज. संशोधनाचे असेच आहे. मोठी अनुदान देणारी संस्था विचारते, "तुमच्या म्हणण्याला काही पुरावा आहे का?" पुरावा गोळा करायला पैसा लागतो आणि पैसा मिळवायला पुरावा लागतो. ही गाठ बीजनिधी सोडवतो. रक्कम छोटी, मुदत वर्ष-दीड वर्षाची, आणि प्रश्न फसला तरी चालेल अशी तयारी ठेवून दिलेली.

याचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते, कारण त्यातली बाई आमच्याच पेशातली आहे. जॉय मिल्न ही स्कॉटलंडमधल्या पर्थची नर्स. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला आहे हे तिला त्याच्या कंपवाताचे निदान होण्याच्या कितीतरी वर्षे आधी जाणवले होते. पुढे कंपवाताच्या रुग्णांच्या बैठकीला गेली, तर तिथल्या सगळ्यांना तोच वास. २०१२ साली तिने एका जाहीर कार्यक्रमात एडिनबरा विद्यापीठाच्या तिलो कुनाथ या संशोधकाला याबद्दल विचारले. त्याने तो प्रश्न तेव्हा सोडून दिला. नंतर सहकाऱ्यांनी टोकले तेव्हा त्याने तिला शोधून काढले आणि एक साधी परीक्षा घेतली. सहा रुग्णांनी आणि सहा निरोगी माणसांनी घातलेले बनियन तिला हुंगायला दिले. तिने सहाही रुग्ण बरोबर सांगितले, वर निरोगी गटातल्या एकालाही हाच आजार आहे म्हणाली. ही तिची एकच चूक, असे सगळ्यांनी धरले. काही महिन्यांनी त्या माणसाला कंपवात असल्याचे निदान झाले.

बारा बनियनांना कितीसा खर्च? पण त्यावरून पुढे पार्किन्सन्स यूके ही रुग्णांची संस्था आणि अमेरिकेतली मायकेल जे. फॉक्स फाउंडेशन यांनी पैसा दिला. मँचेस्टर विद्यापीठातल्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने त्वचेच्या तेलातली, हा वास देणारी रसायने शोधून २०१९ साली प्रसिद्ध केली. ही तपासणी अजून आपल्या दवाखान्यात आलेली नाही. तरी कापसाच्या बोळ्याने पाठ पुसून आजार लवकर ओळखता येईल का, या प्रश्नावर आज गंभीरपणे काम चालू आहे. फॉक्स हे सिनेमातले नट. त्यांना वयाच्या २९ व्या वर्षी, १९९१ साली हा आजार असल्याचे कळले. २००० साली त्यांनी संस्था काढली आणि आतापर्यंत तिने संशोधनाला २०० कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसा लावला आहे. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही संस्था रुग्णांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या. सरकारची किंवा औषध कंपन्यांची वाट बघत त्या बसल्या नाहीत.

आपल्याकडचे बीज

परदेशाचे कौतुक पुरे. कंपवाताच्या औषधाची एक मुळी आपल्या बांधावर आहे. खाजकुइरीची शेंग सगळ्यांनी पाहिली असेल, हात लावला की अंग खाजून वेडे करणारी. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी तिच्या बियांतून एक रसायन वेगळे काढले. तेच लेव्होडोपा. त्या वेळी ते कंपवातावर चालेल हे जगात कोणाच्याही डोक्यात नव्हते. वीस वर्षांनी, १९५७ साली, स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना हे रसायन टोचले, तर ससे उठून हालचाल करू लागले. रेसर्पिन हेसुद्धा आपल्या सर्पगंधेतले. तिचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला होता. १९६१ साली व्हिएन्नात माणसांना लेव्होडोपाचे इंजेक्शन दिले गेले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते देऊन दाखवले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

१९३७ ते १९६७, तीस वर्षे. मद्रासच्या त्या दोघांना कोणी विचारले असते की याचा उपयोग काय, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. पहिल्या पैशाचा असाच विश्वासाचा व्यवहार असतो.

मग १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी खाजकुइरीच्या बियांची भुकटी २३ रुग्णांना देऊन पाहिली आणि तिचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. तेवीस रुग्ण म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण त्या छोट्या कामातून पुढची मोठी चाचणी झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ६० रुग्ण होते, आणि मुंबईच्या झंडू कंपनीचे प्रमाणित चूर्णही बाजारात आले.

इथे एक सूचना. हे वाचून कोणी शेंगा तोडायला जाऊ नये, आणि मेडिकलमधून चूर्ण आणून चालू गोळ्यांबरोबर घेऊ नये. दोन्हींत एकच औषध आहे. मात्रा दुप्पट झाली तर अंग आपोआप वळवळते, उलट्या होतात, भास होतात, रक्तदाब उतरून माणूस पडतो.

दार ठोठावून मोजणी

आता ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला ते. १९८८ साली मुंबईतल्या पारशी वसाहतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४,०१० पारशी लोकांची घरोघर जाऊन पाहणी केली. दारोदार कोण गेले? बडे डॉक्टर नव्हे. हायस्कूल पास झालेली मुले-मुली आणि सामाजिक कार्यकर्ते गेले. त्यांच्या हातात एक छोटी प्रश्नावली होती. ती आधी एका लहान पथदर्शी पाहणीत तपासून घेतलेली होती, हिच्यातून एकही रुग्ण निसटत नाही ना, याची खात्री करून. प्रश्नावलीत ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांनाच मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले. ४६ रुग्ण सापडले. एक लाखाला ३२८, म्हणजे तीनशे माणसांमागे एक.

आकडा मोठा आहे, कारण पारशी समाजात म्हातारी माणसे खूप आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. पण आम्हाला आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. ती छोटी पथदर्शी पाहणी म्हणजेच बीज. तिला खर्च किती? छापील कागद, थोडे प्रशिक्षण, पायपीट. त्यावर उभे राहिलेले काम आज पस्तीस वर्षांनंतरही जगभरचे संशोधक आधाराला घेतात. पारशी समाजाकडे वसाहती होत्या, त्यांच्यातच डॉक्टर होते, समाजाच्या संस्था होत्या. त्यांची माणसे मोजली गेली.

वस्तीतली माणसे मोजली तर काय दिसते? २००३ ते २००७ या काळात कोलकात्यात असे काम झाले. डॉ. श्यामल दास यांच्या गटाने १,००,८०२ माणसांची घरोघर पाहणी केली, त्यात झोपडपट्टीही होती. वयाचा हिशेब जुळवून लाखाला सुमारे ५३ रुग्ण निघाले. झोपडपट्टीत प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा कमी दिसले. वाचून बरे वाटेल. पण त्याच अभ्यासात पुढे लिहिले आहे की कंपवाताच्या रुग्णांचा मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ नऊपट होता. आता दोन्ही एकत्र वाचा. मोजणीच्या दिवशी जो जिवंत असतो तोच मोजला जातो. गरिबाच्या घरी आजार कमी असतो, की गरीब रुग्ण मोजणी येण्याआधी जातो? हा आमचा प्रश्न आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. रात्री अंधारात मोरीत पडून खुबा मोडला, घास अडकून न्यूमोनिया झाला, तर घरचे काय सांगतात? "म्हातारपणाने गेले." दाखल्यावरही पार्किन्सन हा शब्द येत नाही.

मराठवाड्याचे प्रश्न कोण विचारणार

दुसरा प्रश्न विषाचा. आपल्यातले हजारो लोक दुसऱ्याच्या शेतात फवारणीला गेले, अजून जातात. तणनाशकांमध्ये पॅराक्वाट नावाचे एक आहे. युरोपात २००७ पासून ते बंद आहे, भारतात विकले जाते. अमेरिकेत शेतीत काम करणाऱ्यांच्या एका अभ्यासात, २०११ साली, पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण अडीचपट आढळले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर मेले तेव्हा कॅमेरे आले, चौकशी लागली. ते योग्यच झाले. पण पाठीवर पंप घेऊन वीस वर्षे फवारलेल्या मजुराचा हात साठाव्या वर्षी थरथरू लागला, तर तो त्या फवारणीशी कोण जोडणार? तोवर तो गाव सोडून मुकुंदवाडीत लेकाकडे राहायला आलेला असतो.

तिसरा प्रश्न कारखान्यांचा. धातूच्या सुट्या भागांचे ग्रीस धुऊन काढायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावण जगभर वापरले गेले. अमेरिकेत एका लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात ते मिसळले होते. तिथे राहिलेल्या सैनिकांत कंपवाताचा धोका ७० टक्क्यांनी जास्त निघाला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग धुण्याचे काम आपल्या पोरांना नवीन नाही. कोणत्या शेडमध्ये कोणते द्रावण वापरतात, हे कामगाराला डब्यावरची चिठ्ठी वाचून समजले पाहिजे, इतके तरी मागता येते. अमेरिकेतले आकडे इथे तसेच लागू होतील असे आम्ही म्हणत नाही. इथे मोजा, असे म्हणतो.

रक्ताचेही तसेच. कंपवाताशी संबंधित जनुकांचे बहुतेक काम गोऱ्या लोकांच्या रक्तावर झाले. नायजेरियातल्या आणि इतर आफ्रिकी वंशाच्या लोकांचे रक्त तपासले तेव्हा २०२३ साली धोका वाढवणारा एक नवाच फरक सापडला, जो युरोपीय लोकांत दिसलाच नव्हता. तपासल्याशिवाय तो दिसणार तरी कसा? भारतात तरुण वयात कंपवात झालेल्या रुग्णांवर काम सुरू झाले आहे. ६६८ रुग्णांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली, आणि अशा रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासाला फॉक्स यांच्या संस्थेनेही पैसा दिला. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञापर्यंत जो पोचतो तोच अशा यादीत येतो, हेही खरे.

पैसा कुठे आहे

पैसा नाही असे नाही. केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत देते, पण तिचा रोख बाजारात जाईल अशा वस्तूवर असतो. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये असे जाहीर झाले, त्यातला मोठा वाटा सरकारच्या तिजोरीतून नव्हे तर इतरांकडून यायचा आहे. इतर म्हणजे मुख्यतः उद्योग. उद्योगाला गोळी विकायची असते. वस्तीत रुग्ण किती, या प्रश्नातून विकायला काही निघत नाही.

म्हणून आपल्याला जवळचे दरवाजे शोधावे लागतील. घाटीत एम.डी. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो, एम.एस्सी. नर्सिंगच्या मुलींनाही. त्यांना विषय हवा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी १९७९ पासून विद्यावेतन देते. आपल्या समाजातली किती मुले-मुली आज वैद्यकीय आणि नर्सिंगला आहेत! नागसेनवनात शिकून पुढे गेलेले प्राध्यापक आहेत. "माझ्या वस्तीतल्या साठीच्या पुढच्या माणसांची पाहणी" हा विषय घेऊन त्यांनी मार्गदर्शकांकडे जावे. विहाराची जागा, घरांची यादी आणि दार उघडून देणारी ओळखीची माणसे आपण देऊ. हायस्कूल पास मुले-मुली तर प्रत्येक गल्लीत आहेत.

कंपन्यांचा दोन टक्के सामाजिक निधीही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना तो खर्च करावाच लागतो, आणि २०१९ च्या बदलानंतर सरकारी विद्यापीठांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या वैद्यकीय संशोधनालाही तो देता येतो. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या शाळेला बाक आणि रस्त्याला झाडे देतात. त्याच हाताने कामगारांच्या वस्तीतल्या मोजणीला मदत मागायला हरकत नाही. मात्र द्रावणांचा अभ्यास करायचा असेल तर पैसा ज्या कंपनीत ते वापरतात तिचाच नको. आणि राहवत नाही म्हणून सांगतो, जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जाते तेवढी रक्कम अशा पहिल्या पाहणीला बऱ्यापैकी पुरेल. मंडळाच्या पोरांनी रागावू नये.

कोणी रक्त मागायला आले तर

संशोधन हवे, पण डोळे मिटून नको. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली पुष्कळ होत्या. संमतीच्या कागदावर काही ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्याचे पुढे संसदीय समितीच्या चौकशीत आले. गरिबाचे शरीर वापरायला सोपे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

म्हणून कोणी अभ्यासासाठी आले तर त्यांना बसवा, चहा द्या आणि विचारा. पैसा कोणाचा आहे? नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे, ती दाखवा. हे मराठीत वाचून दाखवा. रक्त किती घेणार, कुठे ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का? मध्येच नाही म्हटले तर माझा उपचार बंद होणार का? (होता कामा नये. कधीही बाहेर पडण्याचा आपल्याला हक्क आहे.) औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत असते, तिचा क्रमांक मागा. २०१९ च्या नियमांनुसार औषध चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. निकाल आम्हाला येऊन सांगणार का, हेही विचारा. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हजर लागतो. तो संशोधकाचा माणूस नसावा.

घरात रुग्ण असेल तर आत्ता

मोजणी होईल तेव्हा होईल. हात थरथरतोय, चाल मंदावली आहे असे वाटले तर घाटीच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा. लेव्होडोपा-कार्बिडोपा ही गोळी सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली चांगली लागू होते. दूध, अंडी, मटण, डाळ यांच्याबरोबर घेतली तर गुण कमी येतो. म्हणून डाळ बंद करायची नाही, फक्त वेळ वेगळी ठेवायची. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून आधी बिस्किट द्या. गोळी वेळच्या वेळी द्या आणि संपली म्हणून एकदम थांबवू नका, त्याने माणूस ताठरून गंभीर आजारी पडू शकतो. "लवकर सुरू केली तर पुढे चालत नाही" या ऐकीव गोष्टीवरून औषध लांबवू नका. मोरीत आणि संडासात धरायला पाइप बसवा, ओल्या फरशीवर गोणपाट टाकू नका, त्यात पाय अडकतो. रोज चालवा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाचे रुग्ण एकत्र येऊन व्यायाम करतात, नाचतातसुद्धा. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी असे गट चालवते. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास हात-पाय हलवायला काय हरकत आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन हा आजार नावाने नोंदलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरले तर दिव्यांगांच्या योजनांसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाची नोंदणी करा. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे जुने कागद लागतात. बोर्डापुढे नेताना त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली हे सांगा, कारण गोळीचा जोर असताना रुग्ण बरा दिसतो.

आणि एक वही करा, साधी दोनशे पानी. गोळी किती वाजता दिली, किती वेळाने हात मोकळा झाला, कधी पुन्हा आखडला, कुठे पडले, रात्री झोप कशी होती, हे रोज दोन ओळींत लिहा. पहिल्या पानावर माणसाने आयुष्यभर काय काम केले ते लिहा. कुठल्या गावात, किती वर्षे फवारणी केली, कुठल्या कारखान्यात होते, काय हाताळले. ओपीडीत डॉक्टरकडे वेळ थोडा असतो, तेव्हा वही पुढे करा. घरी दहावी-बारावीची नात असेल तर हे काम तिला द्या.